तांड्याच्या वर, तांड्यावर

आक्का, आपल्या घरात पाणी पिण्याआधी हुंगायची सवय होती. पाहुण्यानं तांब्या तोंडाला लावायच्या आधी नाकाशी धरला, तर त्याचा कोणाला राग यायचा नाही. तांड्याखालची विहीर उन्हाळ्यात तळाला जायची, पाणी हिरवट यायचं आणि त्याला ओल्या गोणपाटासारखा वास मारायचा. दिवाळी झाली की याडी आणि बा कोयता घेऊन ऊसतोडीला निघून जायचे, ते थेट पाडव्याच्या सुमाराला परत. मधल्या दिवसांत घर म्हणजे तू. सहावीतली पोर. याडी जाताना ज्वारी, तेल, मीठ, मिरची ठेवून जायची आणि तुला एवढंच सांगायची, लेकराला सांभाळ. लेकरू म्हणजे मी.

पहिलीत असताना मला कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नाचा वास आला तरी उलटी. सेनगावच्या डॉक्टरनं सांगितलं, पाणी उकळून द्या. उकळायला सरपण लागतं, हे त्याला कोण सांगणार. मग तू ठरवलंस की विहिरीचं पाणी बंद. तांड्याच्या मागे डोंगर, डोंगरात मोहझरीचं खोरं. तिथे ना वाट ना वस्ती, नुसता साग, पळस आणि गुरांनी पाडलेली पायवाट. खोऱ्याच्या माथ्याजवळ खडकातून झरा निघतो. तू अंधारात घागर घेऊन निघायचीस आणि परत येईपर्यंत साखऱ्याच्या शाळेची घंटा कधीच होऊन गेलेली असायची. आधी तुझा उशीर झाला, मग खाडे झाले, मग मास्तरांनी नावच काढलं.

माझी कावीळ उतरली आणि तुझी शाळा सुटली. ही दोन वाक्यं मला आजवर वेगळी लिहिता आलेली नाहीत.

तू जाऊन अजून महिना झालेला नाही. लोक म्हणतात, लिही, म्हणजे मन हलकं होईल. तसं काही होत नाही. तरी लिहितेय, कारण तुझ्याबद्दल जे बोललं जातंय त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि खोटं ऐकून गप्प बसायची सवय आपल्या दोघींनाही नव्हती. एक गोष्ट आधीच सांगते. आपली सगळी भांडणं गोरमाटीत, घरच्या बोलीत व्हायची, पण तू खरोखर चिडलीस की मराठीत शिरायचीस. ग्रामपंचायतीची मेंबर झाल्यापासून ती सवय लागली होती. दाजी म्हणायचे, ‘आता मराठी सुरू झाली, मी गुरं बघून येतो.’

मी बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. आपल्या तांड्यातली पहिली पदवी, बाईची असो की बाप्याची. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. तू तर माझ्यापेक्षा वर धरली होतीस. हिंगोलीच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला काम लागलं तेव्हा तू घरोघर सांगत फिरलीस, ‘आमची पोरगी पान्याची डॉक्टर झाली.’ कोणीतरी तोंड वाकडं करून विचारलं, ‘पान्याला ताप येते का गं?’ तू म्हणालीस, ‘तुझ्या तोंडाला येते तसा पान्यालाबी येते. तुझ्यावर मात्र औषध न्हाई.’

जिल्हाभर फिरून नमुने आणायचे, हे माझं काम. कधी कुरुंद्याकडे हळद शिजायच्या दिवसांत, कधी सेनगावच्या वाड्यावस्त्यांवर. आमच्याकडे छोट्या बाटल्या असतात. त्यांत पाणी भरून ठेवायचं. पाण्यात जंतू असले की एक-दोन दिवसांत बाटली काळी पडते. एकदा सुट्टीवरून येताना मी मोहझरीच्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणलं. नोकरीचा भाग म्हणून नव्हे, आपलं म्हणून. फळीवरच्या कितीतरी बाटल्या काळ्या पडल्या आणि आपली तशीच राहिली. गढूळपणा नाही, खताचा अंश नाही, काही नाही. मी साहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, असं पाणी आपण शोधतच होतो. ज्याच्या वर शेत नाही, गोठा नाही, रस्ता नाही, असं एखादं अख्खं खोरं हवं. तिथलं पाणी दर महिन्याला तपासायचं, आणि बाकीचं पाणी किती बिघडलं ते त्याच्याशी ताडून बघायचं. संदर्भ पाणलोट म्हणतात त्याला. अट एकच. खोरं आहे तसं राहिलं पाहिजे. एकदा वर रस्ता गेला की त्याचा उपयोग संपला.

मी फोन केला तर तुझा पहिला प्रश्न, ‘आपलं पानी पास झालं का?’

मी म्हटलं, ‘आपलं पाणी परीक्षेला बसतच नाही आक्का. त्याच्यावरून दुसऱ्यांचे पेपर तपासणार आहेत.’

तू म्हणालीस, ‘म्हंजे मास्तर झालं म्हन की.’ त्या दिवसापासून तांड्यात त्या झऱ्याला मास्तर म्हणतात. पुढे त्याचंच पाणी नळीनं खालच्या टाकीत आलं आणि तांड्यानं विहीर सोडली, तेव्हा बायका म्हणायच्या, आज मास्तर बारीक येऊन राहिला.

मग वरच्या रस्त्याची गोष्ट निघाली. तांड्यापासून मोहझरीच्या खोऱ्यातून डोंगर चढून पलीकडे उतरणारा रस्ता. कोणाला हवा होता ते सगळ्यांना माहीत होतं. एका खडीवाल्याची खोऱ्यातल्या काळ्या दगडावर नजर गेली होती. कागदावर मात्र तो रस्ता आपल्या सोयीसाठी होता.

आणि तू त्या रस्त्याच्या बाजूनं होतीस. हे आता कोणाला आठवत नाही. तुझ्या शोकसभेत एक जण उठून म्हणाला, ताईंनी पहिल्या दिवसापासून खोऱ्याची राखण केली. मी तिथेच उठून सांगणार होते, दाजींनी माझा हात धरून खाली बसवलं. पहिल्या दिवसापासून तू माझ्याशी भांडलीस. अंगणात, शेजारच्यांना ऐकू जाईल अशी, मराठीत.

‘तुला हिंगोलीत नळ हाय, डांबर हाय, दारात ऑटो येते. आन् आमाला सांगून राहिली, तुमी झऱ्याकडं बघत बसा म्हनून.’

‘वरचं खोरं गेलं की पाणी जातं, आक्का.’

‘पानी जातं, पानी जातं. मानूस जातं ते दिसत न्हाई तुला? बाळंतीण बैलगाडीत घालून न्यावं लागते, ते तुझ्या कोनत्या बाटलीत काळं पडते?’

मी म्हटलं, दवाखान्याला नेणारा रस्ता तो नाहीच. दवाखान्याचा रस्ता खालचा, तांड्यापासून डांबरी सडकेपर्यंतचा. तो माग, मी तुझ्या पुढे उभी राहते. वरचा रस्ता दगड उतरवायला आहे. तू म्हणालीस, ‘रस्ता रस्ता असते. एक आला की त्याच्यामागं दुसरा येते.’ आणि उठून भाकरी टाकायला गेलीस. त्या रात्रीही माझ्या ताटात तूच वाढलंस.



तुझं मन माझ्या बोलण्यानं बदललं नाही, हेही लिहून ठेवते. तू नणंदेच्या तांड्यावर लग्नाला गेलीस, डोंगराच्या पल्याड. तिथे असाच एक रस्ता खोऱ्यात जाऊन दोन-तीन पावसाळे झाले होते. आधी खडीचे ट्रॅक्टर, मग मोठ्या गाड्या, मग त्या गाड्या ओढ्यातच धुणं, मग रस्त्याच्या कडेनं नवी शेतं आणि फवारणीचे डबे त्याच ओढ्यात खळखळून घेणं. तू परत आल्यावर मला फोन केलास. आवाज बसलेला होता.

‘नणंदेनं तांब्या दिला. मी सवयीनं हुंगला गं. तिनं बघितलं. हातातून तांब्या काढून घेतला आन् आत गेली. दोन दिस नुसत्या च्यावर काढले मी तिथं. माझ्या डोळ्याला डोळा दिला न्हाई तिनं.’

नंतर म्हणालीस, ‘आजा काय सांगत होता, ध्यानात हाय का? तांडा बैलं घेऊन फिरायचा तवा जिथं उतरला तिथं पयले पानी वाटून घेयाचे. वरचं मानसाचं, मधलं बैलाचं, खालचं कापडाचं. वर कापडं धुतली की नायक दंड करायचा. आता डोंगराच्या वर ट्रक धुवून राहिले. दंड कोनाला करावं?’

त्यानंतर तू माझ्याहून कडक झालीस. खोरं राखायचा आदेश निघावा म्हणून मी साहेबांबरोबर कागद करत होते, तू माणसं करत होतीस. खडीवाल्याची माणसं तांड्यात आली की तू त्यांना टाकीवर नेऊन पाणी पाजायचीस आणि विचारायचीस, ‘कसं हाय? ग्वाड हाय? मंग जा आता.’

दर महिन्याला मी बर्फाची पेटी घेऊन यायची आणि आपण दोघी वर जायचो. नमुना त्याच दिवशी हिंगोलीत पोचवायचा असतो, म्हणून मी घाई करायची आणि तू मुद्दाम सावकाश चालायचीस. खोऱ्यात मोबाईल लागत नाही. तुझ्याशी खरं बोलणं तिथेच व्हायचं. सागाची वाळकी पानं पायाखाली वाजायची, तू पुढे, मी मागे. एकदा तू वळून न बघता म्हणालीस, ‘मलाबी शिकायचं होतं बरं का.’ एवढंच. मी काही बोलावं म्हणून थांबलीही नाहीस. मी चालता चालता बाटलीवर चिठ्ठी चिकटवत राहिले. तेव्हा बोलायला पाहिजे होतं असं वाटतं. आभार मानले असते तर तू हसली असतीस. माफी मागितली असती तर चिडली असतीस. माझी पदवी तुझ्या घागरीतून आली, हे आपल्या दोघींना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेली गोष्ट आपल्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

आता ग्रामसभेचं. सभेच्या ठरावाला खोऱ्याचा नकाशा लावून तो आदेशाच्या कागदांना जोडायचा होता. मी त्या दिवशी कामावर होते, दाजींनी सांगितलं ते लिहिते. शाळेच्या पटांगणात सभा भरली. तांड्याची माणसं पहिल्यांदाच एवढी जमली होती. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘मोहझरीचं खोरं जसं हाय तसं ऱ्हाऊ द्यायचं. तांड्याच्या वर रस्ता नगं.’ ग्रामसेवक शहरातला, नवीन, स्वभावानं वाईट नव्हता. त्यानं लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: मोहझरीचे खोरे आहे तसे राखावे, तांड्यावर रस्ता नको. सगळे म्हणाले, बराबर. टाळ्या झाल्या. सह्या झाल्या, अंगठे झाले.

कोणाच्या कानाला खटकलं नाही, कारण खटकण्यासारखं काही नव्हतंच. आपण रोज म्हणतो, तांड्यावर चाललो, तांड्यावर लगीन हाय, तांड्यावर लाईट गेली. वरचा डोंगर मनात ठेवून ऐकणाऱ्याला त्यात डोंगरच ऐकू आला. ‘तांड्याच्या वर’ म्हणजे खोऱ्यात. ‘तांड्यावर’ म्हणजे तांड्यात, आपल्या दारात. मधला एक ‘च्या’ गळला, आणि आपणच आपल्या हातानं लिहून दिलं की आम्हाला रस्ता नको.

हे कळलं ते उन्हाळ्यात. शेजारच्या तांड्याच्या रस्त्याची आखणी करायला माणसं आली, चुन्याच्या रेघा पडल्या. आपला खालचा रस्ताही त्याच वर्षी होणार होता, मंजुरीपर्यंत आला होता. आपल्याकडे कोणी फिरकलं नाही. तू जीपनं सेनगावला कार्यालयात गेलीस. टेबलावरच्या माणसानं कागद फिरवून तुझ्यापुढे ठेवला. ‘बाई, तुमचाच ठराव आहे. तांड्यावर रस्ता नको. सर्वानुमते. आता परत काहून आलात?’

तू मला तिथूनच, पायऱ्यांवरून फोन केलास. आणि आक्का, आपण हसलो. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

‘ठरावातून च्या गळला म्हन,’ तू म्हणालीस. ‘मी म्हनलं, साहेब, तुमाला च्या पाहिजे होता तं तवाच सांगायचं, किटलीभर पाठवला असता.’

‘मग काय म्हणाला?’

‘तो कशाचा हसते. त्यानं पेनाचं टोपन लावलं.’

हसून झाल्यावर मी म्हटलं, दुरुस्ती करून घे. पुढच्या सभेत एक ओळ बदलायची आहे फक्त. तू म्हणालीस, न्हाई. मला वाटलं, मस्करी करतेस. तू मराठीत आलीस तेव्हा कळलं की मस्करी नाही.

‘त्या ठरावावर वरचं काम चालू हाय. तुझ्या साहेबानं तोच कागद जोडलाय ना? मंग त्यो उघडायचा न्हाई. खडीवाल्यानं आता गावात मानसं फोडली. सभा बसली की एक ओळ न्हाई बदलत, समदंच बदलते. ते म्हनतील, यायलाच रस्ता पाहिजे ना, घ्या, खालीबी घ्या आन् वरबी घ्या. आन् आपलेच लोक हात वर करतील. त्यांना रस्त्याची तकलीफ हाय, त्यांचं काई चुकत न्हाई.’

‘मग वरचं पक्कं होईपर्यंत चिखलात राहणार?’

‘आजवर काय महालात होतो?’

मी म्हटलं, वेगळा ठराव घे, खालच्या रस्त्यापुरता. तू म्हणालीस, वेगळ्या ठरावालाबी सभाच लागते. मी म्हटलं, वरच्या आदेशाला किती वेळ लागेल ते कोणीच सांगू शकत नाही. तू म्हणालीस, मग विचारते कशाला. हे भांडण पूर्ण उन्हाळाभर चाललं. गंमत बघ, आता तू वरच्या बाजूला होतीस आणि मी खालच्या. मी खोऱ्यावरून माघार घ्यायला तयार झाले होते. आदेश एक वर्ष लांबला तरी चालेल, आधी माणसांचा रस्ता करू, असं मी तुला स्पष्ट सांगितलं. तू म्हणालीस, ‘तू शिकलीस म्हनून तुला भ्या वाटते. शिकल्यालं मानूस लय पुढचं बघते.’

शेवटचा फोन पेरणी झाल्यावरचा. पाऊस लागून होता, तांड्याची वाट काळ्या मातीत बसली होती, मोटारसायकलसुद्धा निघत नव्हती. मी विचारलं, ‘आता कोणी आजारी पडलं तर काय करशील, आक्का?’

‘पडू दे की. तू हायेस ना डॉक्टर. पान्याची का होईना.’

आणि फोन ठेवलास. मी परत लावला नाही. रागावले होते.

ते कोणी म्हणजे तूच असशील हे माझ्या डोक्यात नव्हतं. तुझ्याही नसेल. सकाळी सोयाबीन निंदायला गेलीस, शेताच्या धुऱ्यावर बसलीस, म्हणालीस छातीत दाटल्यासारखं होतंय. दाजींनी फोन केला, रुग्णवाहिका आलीही. डांबरी सडकेवर येऊन थांबली. पुढे चाक घालायला ड्रायव्हर तयार नव्हता आणि तो चूक नव्हता. ट्रॅक्टर काढला तर तो ओढ्याच्या अलीकडेच चाकाच्या आसापर्यंत रुतला. मग बाज. चौघे खांद्याला, चौघे बदलीला, गुडघाभर चिखल. दाजी सांगतात, अर्ध्या वाटेत तू शुद्धीवर होतीस. बाज हेलकावली तेव्हा वरून ओरडलीस, ‘हळू चाला रे, मी काय घागर हाय?’ पोरं हसली म्हणे. त्यांना वाटलं, बरं वाटतंय.

मी सेनगावच्या दवाखान्याच्या दारात उभी होते. गाडीचं मागचं दार उघडलं आणि दाजी माझ्याकडे न बघता खाली उतरले. मला तेवढ्यातच समजलं. डॉक्टर बाई चांगली होती. तिनं विचारलं, आणायला उशीर का झाला? मी तिला काय सांगणार होते? एक अक्षर राहून गेलं म्हणून?

त्यानंतर सगळे आले. जे आखणीला आले नव्हते तेही आले, सडकेवर गाड्या लावून, चपला हातात घेऊन. एकानं भाषणात म्हटलं, ताईंनी पाण्यासाठी बलिदान दिलं. आक्का, मला हा शब्द सहन होत नाही. तू बलिदान दिलं नाहीस. तुला जगायचं होतं. थोरल्या पोराचं लग्न करायचं होतं, टाकीला नवी तोटी बसवायची होती, दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. तुला वर खोरंही पाहिजे होतं आणि खाली रस्ताही पाहिजे होता, आणि यात लोभ काय आहे ते मला कोणी समजावून सांगावं. हिंगोलीतल्या माणसाला कोणी विचारत नाही की बाबा, तुला प्यायला पाणी हवं की दवाखाना हवा, एक निवड. आपल्याला मात्र कोणी न विचारता निवडायला लावलं.

आणि मी शिकलेली. माझा सगळा अभिमान या एका गोष्टीवर उभा होता की शिकलेलं माणूस घरात असलं की अशा गोष्टी होत नाहीत. कागद समजणारं कोणीतरी आपलं असलं की कागद आपल्याला मारत नाही. तो अभिमान मी सोडत नाही, कारण तो पैशाचा नाही, तुझ्या पायांचा आहे. पण त्याच्यात आता बळ उरलेलं नाही. सकाळी कामावर जाते, बाटल्या लावते, आकडे भरते. कशासाठी, असं विचारणारं कोणी नाही म्हणून चालून जातं.

या महिन्याचा नमुना घ्यायला मी एकटीच वर गेले. दाजी येतो म्हणाले, मीच नको म्हटलं. पावसानं पायवाट धुऊन गेली होती. झरा तसाच होता, भरलेला, स्वच्छ, तळाचा खडा न खडा दिसणारा. मला त्याचा राग आला. एवढं सगळं होऊन याला काहीच कसं लागलेलं नाही, असं वाटलं. मग लक्षात आलं, त्याला काही लागू नये म्हणूनच तर आपण भांडत होतो. मी बसले. ओंजळभर प्यायले आणि पेटी उचलून उतरले.

तुझं खरं निघालं, हे तुला सांगायला पाहिजे. साहेब म्हणाले, ठराव दुरुस्तीला गेला असता तर पूर्ण प्रस्ताव माघारी आला असता, आणि खडीवाल्याचा अर्ज आपल्या पुढे सरकला असता. आदेश काढणाऱ्या वरच्या साहेबांनी ठरावासोबतचा नकाशा बघितला, म्हणून त्यांना कोणता रस्ता नको ते कळलं. रस्त्याचं बघणाऱ्या सेनगावच्या कार्यालयानं नकाशा उघडला नाही. तू भांडण जिंकलीस, आक्का. मी हरायला तयार होते, पण असं नाही. अशा जिंकण्यावर मी तुला काय बोलू? तू समोर असतीस तर म्हटलं असतं, शहाणी आहेस मोठी. तू म्हणाली असतीस, आत्ता कळलं व्हय? आणि मग जेवायला वाढलं असतंस.

खालच्या रस्त्यासाठी तांड्यानं पुन्हा ठराव दिला आहे. या वेळी लिहिताना मी शेजारी बसले होते. तो कार्यालयात पडून आहे. कधी होईल ते माहीत नाही, आणि होईल असं मी आता कोणाला सांगत नाही.

आदेश मागच्या आठवड्यात आला. मोहझरीचं खोरं, डोंगरमाथ्यापासून तांड्याच्या टाकीपर्यंत, आहे तसं राखलं जाईल. तिथे रस्ता, खाण किंवा बांधकाम होणार नाही. खडीवाल्याचा अर्ज फेटाळला आहे. जिल्ह्यातल्या पाण्याच्या तपासणीसाठी ते संदर्भ पाणलोट म्हणून नोंदलं गेलं आहे आणि दर महिन्याला तिथला नमुना घेतला जाईल.